मुरूम उचलला, पाणी कुठे राहणार?

मुरूम हे उमरगा तालुक्यातल्या एका गावाचे नाव, आणि रस्त्याच्या भरावात, घराच्या जोत्यात, अंगणात पसरल्या जाणाऱ्या तांबूस, ठिसूळ दगडाचेही. गावाला नाव कशावरून पडले, हा वाद तूर्त बाजूला ठेवू. सोलापूर-हैदराबाद महामार्गाच्या दक्षिणेकडील या मुलखात विहीर खणणाऱ्या कुणालाही विचारा, तो जमिनीचे पोट बसल्या जागी सांगेल. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या आणि शेवटी काळा पाषाण. पाणी बहुतेक मधल्या दोन थरांत. पाषाणात भेग असली तर नशीब!

भूगर्भशास्त्र वेगळे काही सांगत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले. १९९३ च्या भूकंपानंतर शेजारच्या किल्लारीत शास्त्रज्ञांनी खोल विवर घेतले, तेव्हा ३३८ मीटरपर्यंत हाच बेसॉल्ट लागला. एवढ्या जाडीच्या दगडात पाणी साठवणारा भाग मात्र प्रामुख्याने वरचा, ऊनपावसाने झिजून भुसभुशीत झालेला. तोच मुरूम. आणि रस्ता करायचा म्हटला की ठेकेदाराची नजर पहिल्यांदा जाते तीही यावरच.

हिशेब साधा आहे. भूजलाचे सरकारी अंदाज बांधताना झिजलेल्या बेसॉल्टमधून त्याच्या आकारमानाच्या सुमारे दोन टक्के पाणी मिळते, असे धरतात. एक हेक्टर जमिनीत पाच मीटर जाडीचा ओला मुरूम असेल तर तो भरतो पन्नास हजार घनमीटर, आणि त्यातले पाणी हजार घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर. माणशी रोज ५५ लिटर धरले तर पन्नास जणांची वर्षाची सोय. मुरूम जागेवर राहिला तर चांगल्या पावसात ही टाकी पुन्हा भरते. मुरूम एकदा उचलला की संपला.

यावर ठरलेले उत्तर येते, ‘खड्डा पडला तर बिघडले काय? तळे होईल.’ ते अगदीच खोटे नाही. गाळ भरलेल्या तलावाच्या तळातून मुरूम काढला तर रस्ताही होतो आणि साठाही वाढतो. पण विहिरींच्या वरच्या अंगाला, माळावर खड्डा घेतला आणि तो पाण्याच्या पातळीखाली गेला, तर शेजारचे पाणी त्यात पाझरते. उघड्यावर आलेले पाणी आमच्याकडच्या उन्हात किती टिकते, ते सांगायला तज्ज्ञ नको. खाण चालू ठेवण्यासाठी ते पंपाने उपसून ओढ्यात सोडले, तर विहिरीला उरले काय?

मोठ्या खाणींची बातमी होते. गोव्याच्या लोहखनिजावर शहा आयोग बसला. दोडामार्ग तालुक्यातल्या कळण्याला २९ जुलै २०२१ रोजी खाणीचा बांध फुटून गाळ शेतात शिरला, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. मुरमाची खाण अशी एका दिवसात फुटत नाही. ती तीनचार उन्हाळे घेते, आणि तोवर ठेकेदार पुढच्या गावी गेलेला असतो.

कायदा आहे. दीपक कुमार खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांखालच्या गौण खनिजाच्या खाणींनाही पर्यावरण परवानगी सक्तीची केली. रस्त्यांसाठी लागणाऱ्या साध्या मातीला २०२० मध्ये केंद्राने दिलेली सरसकट सूटही याच न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी रद्द ठरवली. तरी पाच हेक्टरांच्या आतल्या सुट्या खाणीला जनसुनावणी लागत नाही. ज्याची विहीर जाणार त्याला कुणी विचारायचेच नाही, ही कसली मोजणी? शिवाय हेक्टराची हद्द गटनंबर पाळतो, पाणी पाळत नाही.

या जिल्ह्याचा पाऊस साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. अशा ठिकाणी खाणीच्या अर्जासोबत नकाशा आणि रॉयल्टीची पावती पुरेशी नाही. मुरूम किती खोल आहे, त्यात पाणी कोणत्या महिन्यात कुठवर चढते आणि ते कोणाच्या विहिरीकडे वाहते, ही तीन उत्तरे आधी हवीत. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात. पण त्या विहिरी थोड्या आणि दूरदूर. खाणीच्या अर्धा किलोमीटरातल्या साऱ्या विहिरी मोजायला एक टेप, एक वही आणि दोन पोरे पुरतात. निदान ऑक्टोबर आणि मे, अशा दोन नोंदी ग्रामसभेपुढे वाचल्याशिवाय यंत्र शेतात उतरू नये. आधीची नोंदच नसेल, तर उद्या विहीर आटल्यावर ती खाणीने आटली की पावसाने, हे शेतकरी कोणत्या कागदावर सिद्ध करणार?