कोंबडीने काय खाल्ले, हेही लेबलावर हवे!

अंड्यांच्या खोक्यावर तपकिरी खूण असते, दुधाच्या पिशवीवर हिरवी. माल मांसाहारी की शाकाहारी, एवढेच ती खूण सांगते. म्हणजे सोवळ्या-ओवळ्याच्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने छापून घेतले. पण कोंबडीने काय खाल्ले, तो दाणा कोणाच्या शेतातून आला, हा प्रश्न कायद्याला पडलाच नाही.

हिंगोली जिल्ह्याचा खरीप म्हणजे सोयाबीन. त्याचे तेल काढून उरणारी पेंड हा कोंबडीखाद्याचा कणा. ऑगस्ट २०२१ मध्ये पोल्ट्री उद्योगाच्या मागणीवरून केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली. तीही नवा माल बाजारात येण्याच्या तोंडावर! क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलेला भाव हंगामात निम्म्यावर आला. आवक वाढली हेही कारण होतेच. पण आयातीच्या हुकुमाने भाव पाडायला आयते निमित्त मिळाले. मार कोणाला बसला? दोन-तीन एकरवाल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या शेतात गुत्त्याने सोंगणी करणाऱ्या भूमिहीन मजुराला. शहरातल्या ग्राहकाला मात्र आपले अंडे कुठल्या पेंडीवर पोसले, याचा पत्ताही नव्हता.

मालाचा दर्जा, शुद्धता, किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, असे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सांगतो. पण जनावराच्या खाद्याचा उगम छापण्याची सक्ती लेबलाच्या नियमांत नाही. जर्मनीत २००८ पासून, जनुकीय बदलाचे खाद्य न दिलेल्या जनावरांच्या दूध-अंड्यांवर तसे छापण्याची कायदेशीर सोय आहे. ग्राहक ते वाचून निवड करतो. आपल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीला गावाचे नाव चालते, मग त्याच मातीतल्या सोयाबीनने अंड्यापर्यंत पोहोचताना आपले नाव का गमवावे?

मात्र सावध राहायला हवे. ‘स्थानिक’ म्हणजे जिल्हा की राज्य, हे नियमातच लिहिले पाहिजे. खाद्य कारखान्यांच्या खरेदी-पावत्या तपासल्या पाहिजेत. नाहीतर बड्या कंपन्या नुसता शिक्का मारून अंडे महाग विकतील आणि वरचा पैसा शेतापर्यंत येणारच नाही. कष्टकऱ्यांच्या घरात अंडे हेच स्वस्त पौष्टिक अन्न. ते हिरावून घेणारे लेबल आपल्याला नको.

म्हणून अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाकडे शेतकरी, मजूर आणि ग्राहक संघटनांनी एकत्र मागणी करावी : खाद्याचा उगम छापा, तो तपासा, खोटे छापणाऱ्याला दंड करा. ताटातल्या अन्नामागे कोणाचा घाम आहे, हे जाणून घेण्याचा हक्क मागितल्याशिवाय मिळणार नाही!