पडद्यावरची उडी

या सदरात आपण मुलांच्या वाचनाविषयी, अभ्यासाविषयी आणि मैदानी खेळांविषयी वेळोवेळी विचार केला आहे. संगणकाच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या खेळांविषयी लिहिण्याचे मात्र मी आजवर टाळीत आले. कारण जी वस्तू आपण कधी हाताळली नाही तिच्याविषयी उपदेश करणे मला प्रशस्त वाटेना. गेल्या पावसाळ्यात घरातीलच एका प्रसंगाने तो योग आणला.

माझी थोरली बहीण दुर्ग येथे राहते. तिचे सासरे विदर्भातून भिलाईला पोलाद कारखान्यातील नोकरीसाठी आले आणि तेथलेच झाले. या कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली करार झाला व ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे येथे आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. माझे भावोजीही आज पोलादाच्याच व्यवसायात असून उंचावरील क्रेनची देखभाल हे त्यांचे काम आहे. तीन-चार मजल्यांच्या उंचीवर लोखंडी तुळयांवरून ते रोज वावरतात.

त्यांचा मुलगा, माझा भाचा, सोळा वर्षांचा आहे. एके संध्याकाळी शेजारच्या काकूंनी त्याला गच्चीच्या कठड्यावर उभे राहून समोरच्या इमारतीची गच्ची न्याहाळताना पाहिले. त्यांनी हाक मारताच तो निमूटपणे खाली उतरला. परंतु "किती अंतर आहे ते नुसते डोळ्यांनी मोजत होतो," हे त्याचे उत्तर ऐकून ताईच्या हातापायांतील बळ गेले. गेले दोन महिने तो ज्या खेळात गढून गेला होता, त्यात इमारतींच्या छपरांवरून उड्या मारीतच पुढे जायचे असते, हे तिला ठाऊक होते. भावोजींनी संगणक कपाटात बंद करण्याचे ठरविले. ताईने मला फोन करून सांगितले, "तू पुस्तके वाचतेस, लिहितेस, येऊन एकदा पाहा आणि काय ते सांग." अशा रीतीने दिव्यांच्या अवसेच्या दोन दिवस आधी मी दुर्गला पोहोचले.

तो खेळ म्हणजे 'मिरर्स एज'. स्वीडनमधील स्टॉकहोमच्या 'डाइस' या संस्थेने तो तयार केला व २००८ च्या नोव्हेंबरात तो प्रसिद्ध झाला. संगणकावर तो २००९ च्या जानेवारीत आला. फेथ नावाची एक तरुणी त्याची नायिका आहे. ज्या नगरात प्रत्येक संदेशावर सरकारची पाळत आहे, तेथे छपरांवरून धावत जाऊन निरोप पोहोचविणे हा तिचा व्यवसाय. वस्तुतः उड्यांचे खेळ नवे नाहीत. १९८१ च्या 'डाँकी काँग'पासून मुले पडद्यावरच्या बाहुल्याला फळ्यांवरून उड्या मारायला लावीत आली आहेत. परंतु तेथे बाहुला आपल्याला बाजूने दिसतो. समोरचे अंतर, बाहुल्याची जागा आणि खालचा खड्डा ही तिन्ही एका दृष्टिक्षेपात येतात. येथे तसे नाही. फेथ आपल्याला दिसतच नाही. तिच्या डोळ्यांना जे दिसते तेच आपल्याला दिसते.

अशा खेळाला इंग्रजी व्याकरणावरून 'प्रथमपुरुषी' म्हणावे लागते. येथे माझ्यातील भाषांतरकार क्षणभर अडखळला. संस्कृत व्याकरणात 'प्रथमपुरुष' म्हणजे 'तो', आणि 'मी' हा 'उत्तमपुरुष'. मराठीने इंग्रजीचा क्रम उचलल्यामुळे आपला प्रथमपुरुष 'मी' झाला. शब्द कोणताही घ्या. 'तो उडी मारतो' आणि 'मी उडी मारते' या दोन वाक्यांत जे अंतर आहे, तेच जुन्या खेळांत आणि या खेळात आहे.

भाच्याने मला खुर्चीवर बसविले. माउसने इकडेतिकडे पाहायचे; वर चढण्याच्या सर्व क्रियांसाठी एक कळ आणि खाली वाकण्याच्या सर्व क्रियांसाठी दुसरी. उडी, भिंतीवरून धावणे, कठड्याला लोंबकळणे हे पहिल्या कळीचे काम. घसरणे आणि उंचावरून पडताना जमिनीवर कोलांटी घेऊन धक्का सोसणे हे दुसरीचे. इतक्या थोड्या साधनांत इतक्या हालचाली बसविल्या आहेत, याचे मला कौतुक वाटले. नगर पांढरेशुभ्र आहे आणि जेथून वाट निघते तेथील नळ, फळी किंवा दरवाजा आपोआप तांबडा होतो. धाव एकदम वेग घेत नाही. पावलागणिक ती वाढते, श्वास जोरात ऐकू येऊ लागतो आणि दृष्टी किंचित हिंदकळते. मध्ये अडखळले की मिळविलेला वेग गेला. मान खाली केली तर स्वतःचे पाय दिसतात आणि पायांच्या पलीकडे, फार खोल, रस्ता.

वाचकहो, मी खोटे कशाला सांगू? पहिल्याच छपराच्या टोकाशी माझ्या तळहातांना घाम सुटला. मी खुर्चीत बसलेली आहे, खाली ताईच्या घरची सतरंजी आहे, हे सारे ठाऊक असूनही पाऊल पुढे टाकवेना. अखेर उडी मारली ती चुकली. कानांत वाऱ्याचा आवाज वाढत गेला, जमीन वर आली आणि पडदा काळा झाला. माझ्या तोंडून 'अगं बाई' निघून गेले. आपल्या डोळ्यांना उंचीची खरी जाणीव करून देणे हा या खेळाचा सर्वांत मोठा गुण होय आणि तो मी प्रांजळपणे मान्य करते.

परंतु दहाव्या-पंधराव्या वेळी काय झाले तेही सांगितले पाहिजे. एका ठिकाणी नळाकडे झेप घ्यायची होती. मी पुनःपुन्हा पडले. प्रत्येक वेळी खेळ मला मागच्या नोंदलेल्या ठिकाणी नेऊन सोडी आणि तेवढा मार्ग पुन्हा धावायला लावी. चूक कोठे होते, हे काही केल्या कळेना. उडी लवकर मारली की उशिरा? वेग कमी पडला की दिशा चुकली? वाट दाखविण्याची एक कळ आहे. पण ती बहुधा अखेरचे ठिकाण दाखविते, तेथवर कसे जायचे ते नव्हे. आणि एवढ्यात मागून बंदूकधारी शिपाई येतात. थांबून पाहावे तर गोळी लागते, न पाहता उडी मारावी तर दरी. पंधराव्या पडण्याला मला भीती वाटली नाही. केवळ राग आला. सोळाव्या वेळी तर पडता पडताच मी कळ दाबून पुढच्या फेरीची वाट पाहू लागले.

येथेच माझ्या मनात प्रकाश पडला. या खेळाचा दोष केवळ करमणुकीत व्यत्यय आणणारा नाही. तो त्याच्याच गुणाचा घात करणारा आहे. खेळ आधी उंची दाखवून आपल्याला सावध करतो आणि मग कारण न सांगता वारंवार पाडून ती सावधगिरी बोथट करून टाकतो. वैतागलेला माणूस उंचीवरही निष्काळजी होतो.

असे का व्हावे, याचा मी थोडा शोध घेतला. डोळे मिटूनही आपले पाय कोठे आहेत हे आपल्याला कळते. स्नायू आणि सांधे ती वार्ता मेंदूला अखंड पोहोचवीत असतात आणि तळव्याला कड लागली की न पाहताही समजते. पडद्यावरच्या शरीराला ही जाणीव नाही. म्हणून प्रथमपुरुषी उडी रचणे हे रचनाकारांना नेहमीच अवघड गेले आहे. १९९५ साली जपानमध्ये निघालेल्या 'जंपिंग फ्लॅश!' या खेळात ससारूपी यंत्रमानव हवेतल्या हवेत आणखी उड्या घेतो, तेव्हा दृष्टी आपोआप खाली वळते आणि तो कोठे उतरणार ते दिसते. १९९६ च्या 'सुपर मारिओ ६४' मध्ये दृष्टी बाहेरची आहे. तरीही मारिओची सावली नेमकी त्याच्या खाली पाडून खेळणाऱ्याला जागा दाखविली आहे. 'मिरर्स एज'च्या रचनाकारांनी हात-पाय दाखविले, आणि दृष्टी हिंदकळून भोवळ येऊ नये म्हणून पडद्याच्या मध्यभागी एक बारीक ठिपका ठेवला. तरीही ताईला पाच मिनिटांतच मळमळू लागले आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली.

रात्री भावोजी पाळीवरून आले. जेवण झाल्यावर मी त्यांना म्हटले, "भावोजी, कपाटाला कुलूप लावण्यापूर्वी एकदा तुम्हीच बसून पाहा." ते नाखुशीनेच बसले. मुलगा शेजारी उभा राहून कळा सांगत होता. भावोजी धावले नाहीत. छपराच्या कडेपर्यंत सावकाश गेले, मान खाली करून पाय पाहिले, मग खालचा रस्ता, मग समोरचे छप्पर, मग डावी-उजवीकडे हाताला धरायला काय आहे ते. त्यांचे पाहणे अजून संपलेच नव्हते, तोच मागून गोळ्या आल्या आणि पडदा काळा झाला.

"अरे, इथे पाहायलाच वेळ देत नाहीत!" ते उद्गारले. मुलाला हसू आवरेना. पण मग भावोजींनी त्याला स्वतःच्या कामाची रीत सांगितली, ती त्याने, मला वाटते, प्रथमच लक्षपूर्वक ऐकली. उंचावर चालताना पट्ट्याला दोन हुक असतात. पुढचा हुक अडकवल्याखेरीज मागचा सोडायचा नाही. "आमच्याकडे मागे नेऊन सोडणारा कोणी नसतो," ते म्हणाले. "म्हणून पडल्यावर शिकायचे नाही, पाऊल टाकण्यापूर्वी शिकायचे." मुलगा काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा, त्या दिवशी कठड्यावर मला भीतीच वाटली नाही. खाली आल्यावर मात्र वाटली." आपल्या मुलाच्या तोंडून हे वाक्य ऐकणाऱ्या बापाची मनःस्थिती मी येथे वर्णन करीत नाही.

अमावास्येला ताईने घरातील सारे दिवे घासून पाटावर मांडले. आपल्याकडे ही आषाढातली अवस. छत्तीसगडात महिना पौर्णिमेला संपत असल्यामुळे त्याच दिवशी श्रावणी अमावास्या असते आणि शेतकरी हरेली साजरी करतात. नांगर-कुदळींची पूजा होते आणि मुले गेडीवर चढतात. गेडी म्हणजे बांबूच्या दोन उंच काठ्या. त्यांना पाय ठेवण्यापुरते आडवे टेकण बांधलेले असते. भाचाही शेजारच्या मुलांबरोबर गेडीवर चढला. चिखलातून जाताना तो एकदाही पायांकडे पाहत नव्हता. नजर पाच-सहा पावले पुढे होती. मी विचारले तर म्हणाला, "मावशी, खाली पाहिले की तोल जातो. बांबू कुठे टेकला ते पायालाच कळते." तो दोनदा पडलाही. दोन्ही वेळा का पडला ते त्याला तत्क्षणी समजले आणि गुडघ्याला खरचटल्यामुळे तिसऱ्यांदा तो अधिक जपून चढला. पडद्यावरील खेळात जे उणे होते, ते येथे मला स्पष्ट दिसले.

मग त्या खेळाला घरात थारा द्यावा की नाही? भावोजींनी संगणक कपाटात ठेवला नाही. त्याऐवजी तिघांनी मिळून काही नियम केले. गच्चीच्या दाराला कुलूप लागले; याबाबत तडजोड नाही. खेळाचा जो भाग घड्याळाशी शर्यत लावण्याचा आहे आणि ज्यात शिपाई पाठीस नसतात, तोच प्रामुख्याने खेळायचा. कारण वेग, वाट आणि उडी यांचा खरा आनंद तेथेच आहे. रचनाकारांनाही बंदुकीचा भाग खटकला असावा. २०१६ साली निघालेल्या पुढच्या खेळात फेथच्या हाती बंदूक येतच नाही. आणि शेवटचा नियम ताईचा: एकाच जागी तीनदा पडले की उठायचे, पाणी पिऊन यायचे आणि चूक कोठे झाली ते कोणाला तरी सांगायचे. सांगता आली नाही तर त्या दिवशी खेळ बंद.

पालकांना माझे एवढेच सांगणे आहे की, असा खेळ बंद करण्यापूर्वी किंवा मोकळा सोडण्यापूर्वी एक तास मुलाच्या खुर्चीत बसून स्वतः खेळावा. मूल कशाने भारावते आणि कशाने चिडते, हे दाराआडून कळत नाही. ते चिडून खेळू लागले असेल, तर थांबविण्याची वेळ तीच होय.

मागच्या आठवड्यात भाच्याचा निरोप आला. ज्या नळाने मला पंधरा वेळा पाडले, तेथे तोही बरेच दिवस अडला होता. त्याने लिहिले आहे, "मावशी, उडी कडेवर चुकत नव्हती. आपण धाव फार जवळून घेत होतो. चार पावले मागे गेलो आणि जमले. बाबांना दाखवले." वाचकांच्या घरीही असे अनुभव असतील, तर ते या सदराकडे अवश्य लिहून पाठवावेत.