लष्करी शिक्षण, मुली आणि आपण

लष्करी संस्थेत जाऊन इंजिनियर व्हायचं म्हणणाऱ्या मुलीला स्त्रीसंघटनांनी काय सांगावं? आपल्या बैठकांत हा विषय निघाला की वाद पेटतो. २००४ साली इंफाळला कांगला किल्ल्यासमोर निर्वस्त्र होऊन लष्कराला जाब विचारणाऱ्या मणिपुरी आयांची आठवण मैत्रिणी करून देतात. ती मीही विसरलेले नाही. तरीही मी या मुलींच्या बाजूने आहे, आणि कारण देशभक्तीचं नाही.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रवेशाचं वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. रोहिणखेडला मुलीला स्थळं येऊ लागतात तीही याच वयात. मुलगी अठराची झाली की बालविवाहाचा कायदा संपतो आणि आम्हा कार्यकर्त्यांचं तोंडही बंद होतं. प्रबोधिनीचा नियम तिथून पुढेही चालतो: प्रशिक्षणात असताना लग्न केलं तर बाहेर, वर झालेला सगळा खर्च सरकारला परत! नौदल किंवा हवाई दल घेतलं तर तीन वर्षं खडकवासल्याला, एक वर्ष पुढच्या अकादमीत, आणि हाती बी.टेक. एवढी चार वर्षं आमच्या किशोरी गटातल्या कुठल्या मुलीला निवांत मिळतात?

२०२४ पासून राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या अनेक घरांतल्या मुलींची इंजिनियरिंगची फी माफ केली, हे चांगलंच झालं. पण खोली, मेस, एस.टी.चे हेलपाटे? कपाशीचे पैसे आले की आधी सोसायटीचं कर्ज, मग मुलाचं शिक्षण. प्रबोधिनीत राहणं, जेवणं, पुस्तकं सरकारी खर्चाने. (सिंदखेडराजा आमच्याच जिल्ह्यातलं. जिजाऊ जयंतीला भाषणं जोरात होतात, मुलीला पुण्याला धाडायची वेळ आली की आवाज बसतो.)

हे दार कुणी दयेने उघडलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑगस्ट २०२१ रोजी बजावलं, तेव्हा मुलींना परीक्षेला बसता आलं. त्या नोव्हेंबरच्या परीक्षेला पावणेदोन लाखांहून जास्त मुलींनी अर्ज केले. जागा होत्या ३७० पैकी १९. मे २०२५ मध्ये पहिल्या १७ जणी शिकून बाहेर पडल्या. या परीक्षेची तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था मुलांसाठी औरंगाबादला १९७७ मध्ये निघाली, मुलींसाठी नाशिकला २०२३ मध्ये. ४६ वर्षं लागली! आणि बारावीनंतर घेऊन इंजिनियर घडवणाऱ्या भूदलाच्या योजनेच्या जाहिराती 'अविवाहित पुरुषां'साठीच निघत आल्या आहेत. आपला मोर्चा तिकडे वळायला हवा.

मैत्रिणींनो, लष्कराची चिकित्सा जरूर करू. पण तिची किंमत सतरा वर्षांच्या मुलीने का मोजावी? तिचा भाऊ निघाला असता, तर आपण बैठक घेतली असती का?

गटातल्या मुली गणितात अडतात. बुलढाणा-मोताळ्याकडच्या कुणा मैत्रिणीला रविवारी येऊन शिकवता आलं तर कळवावं.