काळाच्या पुढची?



सभेची सगळी तयारी आपण करतो. सतरंज्या, पत्रके, घोषणा, चहापाणी. पण माईक खरखरला की "अरे, एखाद्या मुलाला बोलवा गं" हे वाक्य आपल्याच तोंडून निघते. मागच्या सभेत ते माझ्या तोंडून निघाले आणि मीच ओशाळले. या अंकात डॅफ्नी ओरमबद्दल लिहावेसे वाटले ते त्यामुळेच.

डॅफ्नी इंग्लंडमधल्या विल्टशायरची, जन्म १९२५ चा. रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये मिळणारा प्रवेश नाकारून १९४३ मध्ये, सतराव्या वर्षी, ती बीबीसीत ध्वनितंत्राच्या कामाला लागली. महायुद्ध चालू होते, पुरुष आघाडीवर गेलेले, म्हणून स्टुडिओतली यंत्रे बायकांच्या हाती आली. (गरज पडली की बायकांना सगळे जमते, हे आपण जाणतोच.) मैफल प्रसारित होत असताना तीच रचना तबकडीवर बरोबरीने चालू ठेवायची, म्हणजे बॉम्बहल्ल्याने मैफल थांबली तरी प्रसारण थांबू नये, हे तिच्या कामांपैकी एक.

तबकडी केवळ वाजवायची नसते, तिच्यातून नवे संगीतही घडवता येते, हे तिला इथेच उमगले असावे. १९४९ च्या सुमारास तिने दोन वाद्यवृंद, मायक्रोफोन आणि तबकड्या यांच्यासाठी 'स्टिल पॉइंट' ही रचना लिहिली. बीबीसीने ती नाकारली. पुढे टेपरेकॉर्डर आले, पण दिवसा ते कार्यक्रमांत गुंतलेले. मग ही बाई रात्री वेगवेगळ्या स्टुडिओंतली यंत्रे ओढत एका जागी आणायची, रात्रभर काम करायची आणि सकाळच्या आत सगळी जागच्या जागी नेऊन ठेवायची. घर निजल्यावर अभ्यासाला बसणारी एकतरी बाई प्रत्येकीच्या ओळखीची असेल.

वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर १९५८ मध्ये बीबीसीत रेडिओफॉनिक वर्कशॉप सुरू झाले. डॅफ्नी आणि डेस्मंड ब्रिस्को हे त्याचे संस्थापक. संस्थेला मात्र नाटकांसाठी आवाज हवे होते. डॅफ्नीला स्वतंत्र संगीत हवे होते. वर्षभराच्या आत, १९५९ च्या सुरुवातीला तिने नोकरी सोडली आणि केंटमधल्या एका जुन्या इमारतीत स्वतःचा स्टुडिओ थाटला. पोटासाठी जाहिराती, चित्रपटांचे ध्वनी अशी कामे घेतली. १९६२ आणि १९६५ मध्ये गुलबेंकियन फाउंडेशनचे अनुदान मिळाले, तेव्हा तिचे यंत्र आकाराला आले.

त्याचे नाव 'ओरॅमिक्स'. पस्तीस मिलिमीटरच्या पारदर्शक फिल्मच्या दहा पट्ट्या एकत्र सरकतात. त्यांवर ठिपके आणि आकार काढायचे. त्यांतून जाणारा प्रकाश कमीजास्त होतो, प्रकाशविद्युत घट त्याची वीज करतात आणि त्यावरून स्वर किती उंच, आवाज किती मोठा हे ठरते. नादाचा पोत काचेच्या पट्टीवर रंगवायचा. थोडक्यात, हाताने चित्र काढायचे आणि ते ऐकायचे. जुळणीत ग्रॅहॅम रेंच या अभियंत्याचा मोठा वाटा होता, तो सांगायलाच हवा. श्रेय दडपण्याची रीत आपण उलट्या दिशेने चालवू नये.

तिच्याबद्दल लिहिताना 'काळाच्या पुढची' असे म्हणायची पद्धत आहे. मला ते शब्द खटकतात. त्यात दोष काळावर जातो आणि रचना नाकारणारी माणसे अलगद सुटतात. ज्या यंत्रांवर ती रात्री काम करत होती ती तिच्याच काळातली होती, तिच्याच इमारतीतली. नव्हता तो दिवसा ती वापरण्याचा अधिकार, आणि आपल्या कामाचे नाव आपण ठरवण्याचा.

१९७२ मध्ये तिने ध्वनी आणि इलेक्ट्रॉनिक्सवर पुस्तक लिहिले. १९९० च्या दशकात आजारपणाने तिचे काम थांबले आणि २००३ मध्ये ती वारली. तिची कागदपत्रे आणि टेप पुढे लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयात जतन झाल्या. ओरॅमिक्स यंत्र २०११ मध्ये तिथल्या सायन्स म्युझियममध्ये मांडले गेले. ते चालू स्थितीत नव्हते. 'स्टिल पॉइंट' मात्र २०१६ मध्ये पहिल्यांदा वाजली आणि २०१८ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्येही, बीबीसीच्याच प्रॉम्स महोत्सवात.