काट्याची पावती आणि पगाराचा दाखला



उसाची गाडी काट्यावर चढली, वजन झाले आणि काट्यावरचा माणूस म्हणाला, "पावती मागाहून देतो," तर आपल्यापैकी कोण तिथून हलेल? कोणी नाही. ऊस आपला, वजन आपले, तेव्हा पावतीही आपल्याच हातात हवी. हाच न्याय कारखान्यातल्या नोकरांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या आयकरालाही लावला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पगारातून कर कापला की त्याचा वर्षाचा दाखला नोकराला द्यावाच लागतो. १९६१ च्या आयकर कायद्याखाली या दाखल्याला 'फॉर्म १६' म्हणतात. वर्ष ३१ मार्चला संपते आणि दाखला १५ जूनपर्यंत हातात पडायला हवा. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. त्यात कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदलतात, पण पैसा कापला तर पावती द्या, हे मूळ तत्त्व तेच राहते.

काही सभासद म्हणतील, "कामगारांचा टॅक्स, आपल्याला काय त्याचं?" आम्ही म्हणतो, पुष्कळ आहे. कापलेला कर कारखान्याचा नसतो, तो नोकराचा पैसा असतो. कारखाना तो फक्त सरकारात पोहोचवतो. एरवी तो पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत आणि मार्चचा ३० एप्रिलपर्यंत भरायचा असतो. कापून भरला नाही तर जुन्या कायद्याप्रमाणे दरमहा दीड टक्का व्याज लागते. तिमाही विवरणपत्र उशिरा गेले तर रोज २०० रुपये (कापलेल्या कराच्या रकमेपर्यंत), आणि दाखला द्यायला उशीर झाला तर रोज ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा भुर्दंड नोकराच्या माथी मारता येत नाही. तो कारखान्याच्या तिजोरीतून जातो, आणि ती तिजोरी भरते कोणाच्या उसावर? तुमच्या-आमच्याच!

आयकराच्या कागदाचे महत्त्व सहकारी साखर कारखान्यांना नव्याने सांगायला नको. शेतकऱ्याला दिलेला जादा ऊसदर हा खर्च की नफा, या वादात कारखान्यांची वर्षानुवर्षे गेली. अखेर २०२३ च्या अर्थसंकल्पात जुन्या वर्षांपुरता दिलासा मिळाला. तेव्हा ज्याचे दप्तर चोख, त्यालाच उभे राहता येते, हे आपण जाणतो.

आता, दाखला मिळाल्यावर नोकराने तो घडी घालून ट्रंकेत टाकू नये. आपल्यापैकी कित्येकांची मुले, पुतणे कारखान्यात आहेत, त्यांना घरी हे सांगावे. दाखल्याचे दोन भाग असतात. 'अ' भागात प्रत्येक तिमाहीत किती कर कापला आणि किती भरला ते असते, तर 'ब' भागात पगार, वजावटी आणि कराचा हिशेब असतो. आधी पॅन नंबर बरोबर आहे का पाहावे. मग बारा महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या काढून कपातीची बेरीज जुळवावी. शेवटी आयकर खात्याच्या फॉर्म २६एएसमध्ये तेवढीच रक्कम जमा दिसते का, ते बघावे. चिठ्ठीत कपात आहे पण खात्यावर जमा नाही, असे दिसले तर लगेच अकाउंट्समध्ये लेखी अर्ज द्यावा. पगारातून कापलेला कर पुन्हा नोकराकडूनच मागता येत नाही, असे कायदा सांगतो. पण कापल्याचा पुरावा त्याच्याजवळ पाहिजे, म्हणून पगारचिठ्ठ्या जपाव्यात.

ज्याचा कर कापलाच नाही, त्याला हा दाखला देण्याचे बंधन नाही. २०२५-२६ साली नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र पगारावर कर पडत नाही आणि पगारदाराला ७५,००० रुपयांची वजावट वेगळी आहे. त्यामुळे बहुतेक हंगामी कामगारांना दाखला मिळणार नाही, त्यात घाबरण्याचे कारण नाही.

तीन ठिकाणी मात्र माणूस फसतो. एक, वर्षात दोन कारखान्यांत नोकरी झाली, तर दोन्ही पगार एकत्र धरून कर होतो. पहिला पगार नव्या ठिकाणी सांगितला नाही तर शेवटी एकदम भरणा अंगावर येतो. दोन, वेतनकराराचा मागील वर्षांचा फरक एकरकमी मिळाला, तर त्यावरच्या जादा करात सवलत मागता येते. २०२५-२६ पर्यंतच्या वर्षांसाठी विवरणपत्र भरण्याआधी फॉर्म १०ई भरावा लागतो. आणि तीन, जो नोकरही आहे आणि ऊसही घालतो, त्याचे उसाचे उत्पन्न करमुक्त असले तरी दाखल्यात ते नसते. विवरणपत्रात ते दाखवावे लागते, कारण इतर उत्पन्न करपात्र मर्यादेवर गेले आणि शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांहून जास्त असले, तर कराचा दर ठरवताना ते धरले जाते.

संचालक मंडळाला आमची एवढीच सूचना आहे : दाखले तयार झाल्याची तारीख टाइम ऑफिसच्या फलकावर लावावी आणि कर वेळेवर भरला की नाही, हे वार्षिक सभेत एका ओळीत सांगावे. सभासदांनीही ते विचारावे. आपल्या काट्यावर विश्वास बसावा म्हणून आपण भांडलो, तसेच कामगाराच्या पावतीसाठीही उभे राहिले पाहिजे. एकाच कारखान्यात मालकाला एक माप आणि कामगाराला दुसरे, हा सहकार नव्हे.