सरस नव्हे, लगाम

आमच्या परिचयातील एका कुटुंबातील आठ वर्षांची मुलगी बोलता बोलता मध्येच थांबे, काही क्षण शून्यात पाही, आणि काहीच घडले नसल्यासारखी पुढे बोलू लागे. गुरुजी त्याला दुर्लक्ष म्हणत. पुढे मेंदूचा विद्युत्-आलेख काढताना तिला तीन मिनिटे भराभर श्वास घ्यावयास सांगितले, आणि तसाच झटका आलेखावर उमटला. "नुसत्या श्वासाने मेंदूत असे काय होते हो?" तिच्या आजींनी आम्हांस विचारले.

भराभर श्वासाने रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड वायू निघून जातो. रक्ताची, आणि पाठोपाठ मेंदूची, आम्लता घटते. आम्लता म्हटली की आपल्याला छातीतील जळजळ आठवते. मेंदूत मात्र तिचा अल्पसा अंश लगामासारखा असतो. मज्जापेशींना उत्तेजित करणारी काही द्वारे तिच्यामुळे मिटू लागतात. लगाम सैल झाला, की ज्या मुलांत मुळात तशी प्रवृत्ती असते त्यांना झटका येऊ शकतो.

हा लगाम धरणाऱ्यांत मज्जापेशींच्या शेजारणी, ग्लिया पेशी, प्रमुख आहेत. जर्मन वैद्य फिरखो यांनी १८५६ साली त्यांना हे नाव दिले, ते 'सरस' ह्या अर्थाचे. मज्जापेशींना चिकटवून ठेवणे एवढेच त्यांचे काम, अशी समजूत होती. नावाने बिचाऱ्यांचे फार नुकसान केले असे आम्हांस वाटते!

त्यांचे काम उलगडण्यास जळू उपयोगी पडली. सुश्रुतसंहितेतील रक्तमोक्षणामुळे आपल्याला ती परिचितच आहे. तिच्या काही ग्लिया पेशी इतक्या मोठ्या असतात, की बारीक काचनळी आत घालून आम्लता मोजता येते. १९८९ साली डाइटमर व श्लुए यांनी ह्या पेशी सोडियमबरोबर बायकार्बोनेट आत ओढून घेतात असे दाखविले. मज्जापेशी जोरात काम करू लागल्या, की त्यांच्यातून पोटॅशियम बाहेर पडते. त्याने ग्लियाची विद्युत्-स्थिती बदलते आणि ही ओढ वाढते. बायकार्बोनेट हा आम्लाचा उतारा. तो आत गेल्याने ग्लिया अल्कधर्मी होतात, बाहेरची आम्लता किंचित वाढते, आणि मज्जापेशींची धावपळ आवरली जाते. उंदराच्या मेंदूतील ग्लिया उत्तेजनानंतर अशाच अल्कधर्मी होतात, हे चेस्लर व क्रेग यांना १९८७ सालीच आढळले होते.

मुलीला औषध सुरू झाले आहे आणि गुरुजींनाही सारे कळविले आहे. आजी मात्र तिला फुगा फुगवू देत नाहीत. डॉक्टरांनी तसे काहीच सांगितलेले नाही.