कुलूप आहे, पण लक्ष कुणाचं?

पोखर्णीतले दुकानदार, पतसंस्थांचे संचालक, सेवा केंद्र चालवणारे, शाळेतले आणि ग्रामपंचायतीतले कर्मचारी, तुम्हा सगळ्यांना एक विनंती आहे. ज्वारीच्या कणसात दाणा भरला की कुंपणाच्या भरवशावर कुणी निवांत झोपत नाही. राखणीला माणूस असतोच. कॉम्प्युटरमध्ये मात्र अँटिव्हायरस टाकला की आपण सुटलो, असं आपण धरून चालतो.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचं उदाहरण घ्या. 11 ऑगस्ट 2018, दुसरा शनिवार, म्हणजे बँकेची सुटी. चोरांनी बँकेच्या एटीएम यंत्रणेत आधीच शिरकाव केला होता. पैसे काढण्याची परवानगी बँकेऐवजी त्यांचीच बनावट यंत्रणा देत होती. बनावट कार्डांवर परदेशातून सुमारे 78 कोटी आणि देशातून अडीच कोटी रुपये काढले गेले. त्यानंतर सोमवारी, 13 तारखेला, स्विफ्ट या बँकांमधल्या संदेश यंत्रणेच्या वेगळ्याच वाटेनं आणखी 13 कोटी 92 लाख रुपये हाँगकाँगला गेले. 2016च्या फेब्रुवारीत बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर दरोडा पडला, तोही तिथल्या साप्ताहिक सुटीचा मुहूर्त साधूनच.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. चोर येतो तो आपलं लक्ष नसताना. आणि एक वाट सापडली म्हणून बाकीच्या वाटा सुरक्षित आहेत असं समजायचं नाही.

आपली संस्था लहान असली तरी आधी लक्ष ठेवणारा माणूस नेमा. त्यानं रोज सकाळी दहा मिनिटं काल काय झालं ते पाहावं: कामाची वेळ संपल्यावर कुणी लॉगिन केलं का, नवा युजर तयार झाला का, अँटिव्हायरस कुणी बंद केला का, नेहमीपेक्षा मोठी रक्कम गेली का. तो रजेवर गेला की कोण पाहणार, तेही ठरलेलं असू द्या.

सगळे एकाच पासवर्डनं काम करत असतील तर या पाहण्याला काही अर्थ उरत नाही, कारण नोंदीत कोण ते कळतच नाही. म्हणून प्रत्येकाचं लॉगिन वेगळं ठेवा. सॉफ्टवेअर दुरुस्त करणारा दुरून मशीन चालवत असेल, तर काम संपताच त्याचा प्रवेश बंद करा.

कॉम्प्युटरमधल्या या नोंदी जपा. केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेच्या एप्रिल 2022च्या आदेशानुसार कंपन्यांनी आणि सरकारी कार्यालयांनी त्या 180 दिवस ठेवायच्या असतात आणि सायबर हल्ला लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायचं असतं. नोंदींची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवा. आत शिरलेला चोर आधी आपल्या खुणा पुसतो. मशीनची घड्याळंही जुळलेली हवीत, नाहीतर आधी काय घडलं आणि नंतर काय, याचा मेळ लागत नाही.

इशारे मोजकेच लावा. दिवसाला पन्नास मेसेज आले की माणूस न वाचताच पुसतो आणि त्यातच खरा इशारा निसटतो. रात्रीचा व्यवहार, नवा युजर, मोठी रक्कम एवढ्यापासून सुरुवात करा.

सुटीच्या दिवशी काही विपरीत दिसलं तर पहिला फोन कुणाला करायचा, हे भिंतीवर लिहून ठेवा. संशय आल्यास मशीन नेटपासून तोडण्याची मुभा हजर कर्मचाऱ्याला द्या; अध्यक्षांचा फोन लागेपर्यंत पैसा थांबत नाही. पैसे गेलेच तर बँकेला कळवा आणि लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

ठेवीदारांनीही गप्प बसू नये. येत्या वार्षिक सभेत नफा आणि लाभांशाबरोबर एवढं विचारा: आपल्या व्यवहारांवर रोज कोण लक्ष ठेवतं आणि रविवारी कोण? उत्तरात माणसाचं नाव आलं पाहिजे. 'सॉफ्टवेअर बघतं' एवढ्यावर समाधान मानू नका.